देहाचे वजन आणि तालमीचा शिरस्ता

मनुष्याने स्वतःस ताजव्यात घालून तोलून घ्यावे ही चाल आपल्याकडे पुरातन आहे. परंतु तिचा हेतू देहाची परीक्षा हा कधीच नव्हता. षोडश महादानांत तुलापुरुषदानाची गणना होते, आणि 1674 साली रायगडावर राज्याभिषेकाच्या निमित्ताने शिवाजी महाराजांची सुवर्णतुला झाली, तेव्हा पाहणाऱ्यांची नजर खिळली असणार ती सोन्याच्या पारड्यावर. समोरच्या पारड्यातील देह स्थूल की कृश हा तेथे प्रश्नच नव्हता. धान्य, तूप, रुपे आणि दारू यांची मोजदाद मण, शेर आणि तोळ्यांत काटेकोरपणे ठेवणारे ते राज्य होते. पण माणसाचे वजन किती असावे हा विचार दफ्तरात नव्हे, तर वैद्याच्या ओसरीवर आणि तालमीच्या मातीत होत असे.

वैद्यांनी तो फार पूर्वी केला होता. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात निंद्य मानलेल्या आठ देहांची जी गणना आहे, तीत अतिस्थूल आणि अतिकृश या दोहोंचाच विस्ताराने ऊहापोह केलेला असून, दोहोंतून एक पत्करावयाचा झाला तर कृश बरा, असा स्पष्ट निर्वाळा दिला आहे. कारण स्थूलास उपाशी ठेवावे तर त्याचा प्रखर जठराग्नी ते साहू देत नाही, आणि पोसावे तर मेदच वाढतो, अशी त्याच्या उपचाराची कोंडी होते. उत्तम देह कोणता, तर ज्याचे मांस प्रमाणात आहे, बांधा घट्ट आहे, इंद्रिये दृढ आहेत आणि जो भूक, तहान, ऊन, थंडी व श्रम सोसू शकतो, तो. आकडा येथे कोठेच नाही. वजनाचे माप सोसण्याच्या आणि करण्याच्या शक्तीवर ठरविलेले आहे, आणि व्यायामाचे माप तर त्याहूनही साधे: आपल्या बळाच्या अर्ध्यापर्यंतच श्रम करावेत, आणि कपाळावर, नाकावर व काखेत घाम फुटला म्हणजे ते अर्धे झाले असे समजावे. पुढे बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने 'मानसोल्लासा'त मल्लविनोदाचे प्रकरण घातले, त्यात मल्लांच्या प्रती लावल्या त्याही वय, बांधा आणि बळ पाहूनच.

तालमीने हाच विचार आपल्या परीने पुढे चालविला. कृष्णा-वारणेच्या काठच्या गावांतून यात्रेत कुस्त्यांचा फड भरे, आणि अद्यापही भरतो. त्या फडात ताजव्यास थारा नसे. हलगी कडकडू लागली म्हणजे लढू इच्छिणारे गडी सदरा उतरवून मैदानात फेरी मारीत, आणि पंच, म्हणजे बहुधा कुस्तीने कान सुजून बसलेले जुने पैलवान, एकाची मान, दुसऱ्याची मांडी, तिसऱ्याचे पाऊल टाकण्याचे वळण निरखून जोड लावीत. अंगाने थोर परंतु दमास उणा असा गडी असला तर त्याच्यासमोर अंगाने लहान पण डावात मुरलेला गडी उभा करण्यास त्यांना दिक्कत वाटत नसे, कारण त्यांच्या लेखी वजन हे बळ, दम आणि कसब यांच्या बरोबरीचे एक अंग होते, स्वतंत्र जात नव्हती. एखाद्या वस्तादास जोड नामंजूर झाली तर तेथेच हुज्जत पडे, दोन्ही गावची मंडळी उठून उभी राहत, आणि तोड निघेपर्यंत हलगीवाल्याचे हात दुखून येत. पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर लागत, मग नारळावर, मग रोख इनामावर. शेवटच्या कुस्तीपर्यंत दिवस मावळतीस आलेला असे. या पद्धतीत अन्याय होत नसे असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये, कारण पंचांची नजर ही गावकीपासून सर्वस्वी मुक्त कशी असेल? तथापि तिच्यात एक शहाणपण होते: देह स्थिर उभा असता किती भरतो हे न पाहता तो हलताना कसा वागतो हे ती पाहत असे.

संस्थानांच्या आश्रयाने मात्र या शहाणपणास एक निराळे वळण लागले. कोल्हापुरास शाहू महाराजांच्या अमदानीत, 1894 ते 1922 या काळात, मल्लविद्येस जे वैभव आले, त्याची साक्ष 1912 साली खुले झालेले खासबागेचे मैदान आजही देत आहे. दूरदूरच्या, अगदी पंजाबच्याही, मल्लांचे पाय या नगरीस लागले. मल्लाचा खुराक, म्हणजे दूध, तूप, बदामाची थंडाई आणि मांस, हा राज्याच्या जमाखर्चातील विषय झाला. आणि जेथे खुराक सरकारी, तेथे खाणाऱ्याचा देह हा सरकारच्या ऐश्वर्याचा भाग होणे अपरिहार्यच होते. हत्तीखान्यातील हत्तीप्रमाणे दरबारी मल्लही लोकांनी पाहावा, थक्क व्हावे, अशी अपेक्षा असे. शाहू महाराजांचे ऋण कोल्हापूर कधी फेडू शकणार नाही. तथापि भारी देह तो मोठा मल्ल, ही जी समजूत आपल्याकडे रुजली, तिचे मूळ मातीपेक्षा दरबारातच अधिक आहे, असे मला वाटते.

कारण निसर्गाचा हिशेब याच्या विरुद्ध जातो. 1638 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात गॅलिलिओने दाखवून दिले की वस्तूचा आकार वाढला म्हणजे तिचे वजन लांबीच्या घनाने वाढते, पण तिचे बळ छेदाच्या क्षेत्रफळाने, म्हणजे वर्गानेच वाढते. स्नायूंस हाच न्याय लागू आहे. थोराड मल्ल लहान्यास सहज दाबून टाकील. परंतु स्वतःचाच देह उचलावयाची वेळ आली, झाडावर चढावयाचे झाले, जिना धावत जावयाचा झाला, की सरशी हलक्याची होते.

हे ज्यास प्रत्यक्ष पाहावयाचे असेल त्याने मल्लखांबापाशी उभे राहावे. निजामाच्या पदरचे अली व गुलाब हे दोन जबरदस्त मल्ल पुण्यास येऊन आव्हान देते झाले, दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी ते कोणी स्वीकारीना, तेव्हा बाळंभटदादा देवधर नामक कोवळ्या वयाचा ब्राह्मण पुढे झाला, मुदत मागून घेऊन वणीच्या सप्तशृंगीच्या गडावर गेला, मारुतीच्या कृपेने त्याने लाकडी खांबावर मल्लविद्या साधली आणि परत येऊन अलीस चीत केले, अशी कथा परंपरेने सांगतात. कथेतील दैवी भाग ज्याचा त्याने ठरवावा; पण पेशवाई बुडाल्यावर बाजीरावाबरोबर ब्रह्मावर्तास गेलेल्या या वस्तादापासून मल्लखांबाची परंपरा पुन्हा देशभर पसरली, हे खरे. सागवानी किंवा शिसवी, तळाशी जाड, वर निमुळता, मानेवर बोंड असलेला आणि एरंडेल तेल चोळून गुळगुळीत केलेला तो खांब मुळात कुस्तीच्या सरावाचेच साधन होता. पण त्यावर अढी मारून देह तोलू लागल्याबरोबर मेदाचा छटाकही लपत नाही. मातीत भारी अंग प्रतिपक्ष्यावर पडते, खांबावर ते स्वतःवरच पडते. रोजच्या व्यवहारास लागणारे वजन कोणते, या प्रश्नाचे इतके रोखठोक उत्तर देणारे दुसरे उपकरण मला ठाऊक नाही.

औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रचार केला त्यामागेही हीच दृष्टी होती. प्रथम ते सँडो या युरोपीय बलवानाच्या पद्धतीने, उपकरणे आणवून, व्यायाम करीत. पुढे मिरजेच्या संस्थानिकांच्या आग्रहाने ते नमस्काराकडे वळले, आणि मग त्यांनी आपल्या संस्थानातील शाळांतून मुलामुलींस नमस्कार घालावयास लावले. नमस्कारात उचलावयाचे वजन म्हणजे आपलाच देह; त्यास ना खुराकाची सनद लागते, ना लोखंडाचा खर्च.

वजनाचा आकडा आपल्याकडे आला तो विम्याच्या मार्गाने. 1874 साली मुंबईत ओरिएंटल ही विमा कंपनी निघाली, आणि विमा उतरविणाऱ्याची उंची, छाती, पोटाचा घेर व वजन रीतसर लिहून घेण्याचा प्रघात हळूहळू रूढ झाला. विमेदारास किती चपळ आहात असे कोणी विचारीत नसे. किती दिवस जगाल एवढ्याशीच कंपनीस कर्तव्य. अमेरिकेतील मेट्रोपॉलिटन लाइफ या कंपनीने 1942-43 साली उंचीस अनुरूप असे 'आदर्श' वजनांचे जे तक्ते काढले, ते तिच्या विमेदारांच्या मृत्यूंच्या हिशेबावरून सिद्ध केलेले होते. 1959 च्या सुधारित तक्त्यात उंची मोजताना पुरुषांस एक इंची आणि स्त्रियांस दोन इंची टाचेचे जोडे धरले आहेत, हे वाचून आपल्याकडच्या अनवाणी माणसाने काय वजावट घ्यावी हा एक प्रश्नच आहे. वजन भागिले उंचीचा वर्ग हे सूत्र त्याहून जुने. बेल्जियमचा गणिती केतेले याने ते 1830 नंतरच्या दशकात सामान्य मनुष्याच्या सरासरी देहाचे वर्णन करण्यासाठी मांडले होते, आणि अँसेल कीज याने त्यास 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव दिले ते 1972 साली. भारतीयांच्या देहात त्याच वजनास मेद अधिक असतो, म्हणून 2009 साली येथील तज्ज्ञांनी अधिक वजनाची मर्यादा 25 ऐवजी 23 वर आणली. ही दुरुस्ती योग्यच, पण 1.70 मीटर उंचीच्या, 90 किलो भरणाऱ्या कसलेल्या मल्लास आणि तितक्याच वजनाच्या बैठ्या कारकुनास हे सूत्र एकच 31 चा आकडा देते, तेव्हा यात्रेतल्या पंचांची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

ताजवा आणि तालीम यांची खरी गाठ पडली ती खाशाबा जाधवांच्या कारकिर्दीत. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावी, पैलवानाच्या घरी, 1926 साली जन्मलेला हा मल्ल ढाक या डावात वाकबगार होता आणि मातीत वाढलेला होता. 1948 साली कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्याने तो लंडनच्या ऑलिंपिकला गेला, तो 52 किलोंच्या, सर्वांत हलक्या गटात. तेथे माती नव्हती, गादी होती. निकालापर्यंत झुंजण्याची मुभा नव्हती, गुण होते. आणि लढतीपूर्वी ताजव्यावर उभे राहणे सक्तीचे होते. या साऱ्या अपरिचित कायद्यात त्याने सहावा क्रमांक मिळविला. चार वर्षांनी हेलसिंकीस जाताना राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून 7,000 रुपये उभे केले, असे सांगतात. आणि या खेपेस खाशाबा उतरले ते 57 किलोंच्या गटात. जपान व सोव्हिएत संघाच्या मल्लांकडून हार पत्करूनही त्यांना कांस्यपदक मिळाले, स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. बावीस वर्षांच्या देहाची मर्यादा सव्वीस वर्षांच्या देहावर लादली असती, अन्नपाणी तोडून, घाम गाळून काटा खाली आणला असता, तर ढाक मारण्यास लागणारी कमरेची झेप शिल्लक राहिली असती काय, याविषयी मला शंका आहे. पाच किलोंच्या त्या फरकात देहाने स्वतःचे वजन शोधले आणि नियमाने त्यास वाव दिला, असेच मी समजतो.

1961 पासून महाराष्ट्र केसरीची स्पर्धा भरते. तीत वजनाचे अनेक गट आहेत, आणि प्रत्येकात विजेता ठरतो. पण चांदीची गदा खांद्यावर घेण्याचा मान फक्त खुल्या गटाचा, आणि त्या गटात उतरण्यास 86 ते 125 किलो वजन भरावे लागते. हेलसिंकीचे खाशाबा त्या ताजव्यावर 29 किलोंनी कमी पडले असते.