झोपेची गोळी सुटत नाही? एकदम बंद करू नका. मदत कुठे मिळते, जाणून घ्या

झोप लागत नाही म्हणून डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी गोळी लिहून दिली. पुढे तीच जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून गोळ्या येत राहिल्या आणि बघता बघता वर्ष उलटलं. आता गोळीशिवाय डोळाच लागत नाही. असं तुमच्या घरात कुणाचं झालं असेल, तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, झोल्पिडेम यांसारख्या गोळ्या काही आठवडे रोज घेतल्या, तरी शरीराला त्यांची सवय लागू शकते.

एकदम बंद केली तर काय होतं?
झोप पार उडते, हात थरथरतात, घाम येतो, छातीत धडधडतं, जीव घाबरा होतो. काहींना झटके (फिट) येतात, भास होतात. हे जिवावरही बेतू शकतं. त्रास एक-दोन दिवसांत सुरू होतो; काही गोळ्यांच्या बाबतीत आठवड्यानेही होतो. म्हणून घरच्यांनी रागाच्या भरात गोळ्या फेकून देऊ नयेत.

मग सोडायची कशी?
• डॉक्टरांच्या सल्ल्याने डोस हळूहळू कमी करायचा. साधारण दर २ ते ४ आठवड्यांनी ५ ते १० टक्के. याला काही महिने लागतात.
• मध्येच त्रास वाढला तर डॉक्टरांना सांगा. ते कमी करण्याचा वेग आणखी मंद करतात.
• गोळी फिटच्या आजारासाठी चालू असेल, तर स्वतःहून अजिबात कमी करू नका.
• गोळी आणि दारू एकत्र नको. श्वास मंदावून जीव जाऊ शकतो.
• संध्याकाळनंतर चहा टाळा, दुपारची झोप कमी करा, रोज ठरलेल्या वेळी उठा.

मदत कुठे?
• टेली-मानस : १४४१६. फोन मोफत, २४ तास, मराठीतही बोलता येतं.
• जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग. जाताना गोळ्यांचं पाकीट आणि जुन्या चिठ्ठ्या सोबत न्या. रोज किती गोळ्या घेता, ते खरं सांगा. त्यावरच पुढचा डोस ठरतो.
• झटका आला, माणूस भ्रमिष्टासारखं बोलू लागला किंवा उठवूनही उठत नसेल, तर लगेच १०८ ला फोन करा.

सवय लागायला महिने गेले, सुटायलाही वेळ लागणारच. घाई करू नका, पण पहिला फोन आजच करा.