आमच्या मोरीतली कुक्कुटनाडी

इतिहास म्हटला की आमच्या वर्गातली मुले लढायांच्या सनावळ्या म्हणू लागतात. पानिपत केव्हा झाले ते विचारा, एका दमात सांगतील. पण आपल्या घरातली भांडी आजवर कोणी घासली आणि ती घासताना किती हात सोलवटून निघाले, याची बखर कोणी लिहिलेली नाही. तिच्यातले एखादे पान तरी लिहिण्याचा अधिकार माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या, चार कादंबऱ्या लिहिलेल्या आणि हजारो निबंध तपासलेल्या मास्तराला कितपत आहे, कोण जाणे! पण एका दिवाळीत, वसुबारसेच्या संध्याकाळी, तो प्रसंग माझ्यावर येऊन ठेपला खरा.

झाले असे की, आमच्या सौ.चे हात साबणाच्या पाण्याने फाटले होते. बोटांच्या पेरांना भेगा पडल्या होत्या, आणि डॉक्टरांनी बजावले होते, "चार महिने पाण्यात हात घालायचा नाही." आता, ज्या घरात सकाळपासून रात्रीपर्यंत मोरी कोरडी होत नाही, तिथे हे पथ्य म्हणजे माशाला पोहू नको म्हणण्यासारखेच. अखेर एका कादंबरीचे मानधन आणि थोडी शिल्लक एकत्र करून मी भांडी धुणारे यंत्र घरी आणले. सौ.ना ते मुळीच पसंत नव्हते. "अहो, एवढ्या पैशात मुलीच्या दोन वर्षांच्या फिया भागल्या असत्या," एवढेच त्या बोलल्या, आणि ते मला चांगलेच लागले.

अशा यंत्राचा जन्मही एका बाईच्याच संसारातला. १८५० मध्ये अमेरिकेत जोएल हाउटन याने दांडा फिरवून भांड्यांवर पाणी उडवणाऱ्या लाकडी यंत्राचे पेटंट घेतले होते. पण त्याने भांडी ओली होत, स्वच्छ होत नसत. खरे चालणारे यंत्र केले ते इलिनॉय राज्यातल्या शेल्बीव्हिल गावच्या जोसेफिन कॉक्रन यांनी. त्या तशा सुखवस्तू. पण १८८३ मध्ये पती वारले आणि मागे उरले ते कर्ज. बाईंनी रडत न बसता भांड्यांची मापे घेतली, तारांचे कप्पे करवले, ते चाकावर बसवून तांब्याच्या हंड्यात ठेवले आणि गरम साबणपाण्याचे फवारे त्यांवर सोडले. जॉर्ज बटर्स नावाच्या कारागिराने त्यांना हातभार लावला. २८ डिसेंबर १८८६ रोजी त्यांना पेटंट मिळाले आणि १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ते यंत्र लोकांनी पाहिले. गिऱ्हाईक मिळाले ते मात्र मोठमोठ्या हॉटेलांचे. घरोघरी तेवढे गरम पाणी कुठले? घराघरांत ही यंत्रे रुळायला पुढे कितीतरी वर्षे जावी लागली.

हे सारे मी सौ.ना मोठ्या उत्साहाने ऐकवले आणि कळ दाबली. आत पाण्याचा आवाज झाला. मग मोरीत खळखळ झाली. पुन्हा आत आवाज, पुन्हा मोरीत खळखळ. यंत्र पाणी घेत होते आणि तसेच सोडून देत होते. भांड्यांना त्याचा स्पर्शही होत नव्हता. अर्ध्या तासाने ते लाल दिवा लावून रुसून बसले. आमच्या गावात नळाला चौथ्या दिवशी पाणी येते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना माझ्या पोटात उठलेल्या गोळ्याची कल्पना येईल. गच्चीवरच्या टाकीत काठी घालून पाहिली. पाणी वीतभर उतरले होते. दुकानदाराला फोन केला, तर "मेकॅनिक भाऊबीजेनंतर येईल" असे उत्तर मिळाले. मी परत आलो तो सौ. हाताची पट्टी सोडून मोरीत बसलेल्या. काही न बोलता त्यांनी पहिले पातेले पुढे ओढले.

त्या रात्री मी माहितीपुस्तिका घेऊन बसलो. यंत्र सारखे पाणी का सोडते, याची दोन ठळक कारणे असतात. पहिले असे : यंत्राच्या बुडाशी एक तबक असते आणि त्यात एक तरंगता ठोकळा. कुठे गळती होऊन तबकात पाणी साचले की ठोकळा वर उचलला जातो, एक बटण दाबले जाते आणि घरात पूर येऊ नये म्हणून पंप एकसारखा पाणी उपसत राहतो. म्हणजे तो बिघाड नव्हे, ती राखण होय. मी जमिनीवर पालथा पडून बॅटरीने पाहिले. तबक कोरडे ठणठणीत होते.

दुसऱ्या कारणाची परीक्षा सोपी आहे, पण ती मला सुचली नाही. धाकट्या मुलीला सुचली. सकाळी मी पुन्हा यंत्र सुरू केले, पाणी आत येऊ लागले, आणि मोरीत खळखळ सुरू होताच तिने विजेची पिनच उपसली. पंप बंद, दिवा बंद. तरी मोरीतली धार चालूच! विजेवाचून जे पाणी बाहेर येते, ते पंप काढत नाही हे उघड आहे. मग कोण काढतो?

दारात उभ्या असलेल्या सौ. एकाएकी म्हणाल्या, "अहो, हा तर वासुदेवाचा प्याला!"

वाचकहो, तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांनी तो प्याला लहानपणी पाहिला असेल. मध्ये बाळकृष्णाला घेतलेला वासुदेव. पेल्यात पाणी ओतत जावे. कृष्णाच्या पायाला पाणी लागले की यमुना ओसरू लागते आणि पेला तळापर्यंत रिता होतो. मूर्तीच्या पोटात एक वाकडी नळी लपवलेली असते. पाणी तिच्या वाकणापर्यंत चढले की नळी भरते, आणि मग तिचे बाहेरचे तोंड खाली असल्यामुळे सारे पाणी ओढून नेते.

या नळीला आपल्याकडे फार जुने नाव आहे. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, 'सिद्धान्तशिरोमणि' लिहिला. त्यातल्या यंत्रांच्या प्रकरणात ते सांगतात की, तांब्याची अंकुशासारखी वाकवलेली नळी पाण्याने भरावी, एक टोक कुंडातल्या पाण्यात आणि दुसरे बाहेर खाली ठेवावे, आणि दोन्ही तोंडे एकदम मोकळी करावीत. कुंडातले पाणी बाहेर पडते. कारागिरांमध्ये तिचे नाव कुक्कुटनाडी. याच आचार्यांचा ग्रंथ शिकवला जावा म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने आमच्या खानदेशात, चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ स्थापला. १२०७ सालचा तो शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. मी दोनदा मुलांची सहल घेऊन पाटणला गेलो आहे, आचार्यांवर भाषणही ठोकले आहे. पण त्यांची नळी माझ्याच मोरीत वाहत असताना मला ओळखता आली नाही!

अर्थात या नळीने थोरामोठ्यांनाही चकवले आहे. अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने पहिल्या शतकात तिच्यावर लिहिले. पण ती का चालते हे कोडे उलगडले नव्हते. १६३० मध्ये जिनोव्हाच्या बालियानीने सुमारे एकवीस मीटर उंच टेकडीवरून अशी नळी नेली आणि ती काही केल्या चालेना. त्याने गॅलिलिओला पत्र लिहून कारण विचारले. पुढे टॉरिचेलीने १६४४ च्या सुमारास पाऱ्याची नळी उभी करून दाखवले, की हवेला वजन आहे, आणि त्या वजनाने पाणी सुमारे दहा मीटरच तोलून धरता येते. बालियानीची नळी चालत नव्हती, आमची थांबत नव्हती, एवढाच काय तो फरक.

आता आमच्या यंत्राचे मर्म ध्यानात आले. नळजोडणी करणाऱ्या मुलाने निचऱ्याचा पाइप थेट मोरीच्या भोकात खोल खुपसला होता. यंत्र सुरू होताच पंप आधी तळाचे शिळे पाणी बाहेर ढकलतो, ही त्याची रीतच. त्याने पाइप काठोकाठ भरतो. मग ताजे पाणी येऊ लागले की तीच भरलेली नळी, खालच्या तोंडाने, ते ओढून नेते. आचार्यांनी सांगितलेल्या साऱ्या अटी पुऱ्या!

उपाय त्यातच होता. पाइपाचे तोंड यंत्रातल्या पाण्याच्या पातळीच्या वर हवे, आणि तिथे हवेला वाट हवी. मी पाइप मोरीतून उपसला, वर घेतला आणि ओट्यावरच्या बेसिनच्या काठावरून आत सोडला. पंप तेवढ्या उंचीवर पाणी सहज चढवतो. पण आपोआप ओघळायला पाण्याला तिथवर चढता येत नाही. पाइप घसरू नये म्हणून बांधायला काही मिळेना, तेव्हा सौ.नी परकराची नाडी आणून दिली. कुक्कुटनाडी अशी परकराच्या नाडीने नळाला जखडली गेली.

यंत्र पुन्हा सुरू केले. आम्ही तिघे मोरीकडे कान लावून बसलो. आत फवाऱ्यांचा आवाज होत राहिला. मोरी गप्प होती. तासाभराने दार उघडले तेव्हा वाफेबरोबर फराळाच्या ताटल्या लखलखत बाहेर आल्या. सौ.नी एक ताटली उजेडात धरली, मागेपुढे फिरवली, आणि बारीक आवाजात म्हणाल्या, "बरी निघाली की."

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी केरसुणीला हळदकुंकू वाहून झाल्यावर, पट्टी बांधलेल्या त्याच बोटांनी त्यांनी यंत्रावरही चिमूटभर कुंकू ठेवले. आणि मग क्षणभर थांबून त्या नाडीच्या गाठीवरही.