फराळाचे ताट आणि खरकट्याची मर्यादा

तिखटमिठाच्या तळीव पदार्थांचा इतिहास शोधणारे अभ्यासक सामान्यतः दोन प्रश्न विचारतात : पदार्थ कोठून आला आणि त्यात कोणते जिन्नस पडत होते. या प्रश्नांना संस्कृत, फारसी आणि देशी भाषांतील ग्रंथांतून बरीच उत्तरे मिळतात. परंतु घरी केलेला पदार्थ ताटात मांडून, वर स्वच्छ फडके टाकून शेजारच्या घरी का पाठविला जातो, आणि कोणत्या घरी तो पाठविला जात नाही, हा तिसरा प्रश्न पाककृतीच्या इतिहासात बसत नाही म्हणून बहुधा बाजूस पडतो. वस्तुतः चकली, शेव, चिवडा, भजी, समोसा यांना एका वर्गात बसविणारे सूत्र या तिसऱ्या प्रश्नातच आहे. भाताचे पातेले जो उंबरठा ओलांडू शकत नव्हते तो चकलीचे ताट ओलांडीत असे. ते ताटही जेथे थांबले ती जागा सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे.

प्रथम ग्रंथांची साक्ष थोडक्यात पाहू जाता, कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा (राज्यकाल ११२६–११३८) याच्या 'मानसोल्लासा'तील अन्नभोगाच्या प्रकरणात डाळींपासून केलेले वटक, घारिका, पूरिका असे तळीव प्रकार येतात. त्यात मिरची नाही, कारण ती पोर्तुगीजांच्या आगमनानंतरची. तिखटपणा मिऱ्याचा आणि आल्याचा, स्वाद हिंगाचा. समोशाची वाट वेगळी आहे. इ. स. १३३३ मध्ये सिंधू नदी ओलांडून आलेल्या इब्न बतूताने मुलतान-दिल्ली मार्गावरील आणि तुघलक दरबारातील भोजनांचे वर्णन करताना बदाम, अक्रोड, पिस्ते, कांदा व मसाला घातलेला खिमा पातळ पोळीत भरून तुपात तळल्याचे नमूद केले आहे. माळव्याच्या मांडू येथे घियासशाह व त्याचा पुत्र नासिरशाह यांच्या काळी, म्हणजे पंधराव्या-सोळाव्या शतकांच्या संधीवर सिद्ध झालेल्या 'निअमतनामा' या सचित्र ग्रंथात समोशाच्या अनेक कृती आहेत, आणि अबुल फजलाच्या 'आईन-ए-अकबरी'तही त्याचा उल्लेख आहे.

ही सगळी साक्ष राजवाड्यातील भटारखान्याची आहे. तेथे देणारा एक आणि घेणारे अनेक. ताटाची परतफेड संभवत नाही. सामान्य घरात पदार्थ तयार होऊन तो बरोबरीच्या दुसऱ्या घरी जाणे ही निराळी घटना आहे, आणि तिचे नियम राजाच्या पाकशास्त्रात सापडत नाहीत. ते धर्मशास्त्रात, आणि त्याहून अधिक रूढीत शोधावे लागतात.

मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात शिळ्या अन्नाचा निषेध करताना एक अपवाद सांगितला आहे : स्नेहयुक्त, म्हणजे तूपतेल असलेले निंद्य नसलेले अन्न शिळे झाले तरी भक्ष्य होय. येथे विचार अन्नाच्या वयाचा आहे, ते कोणाच्या हातचे आहे याचा नाही. परंतु रूढीने हाच अपवाद पुढे दात्यावर लागू केला. उत्तर हिंदुस्थानात अन्नाचे 'कच्चे' आणि 'पक्के' असे दोन भाग झाले. पाण्यात शिजलेले वा पाण्याने भिजवून तव्यावर भाजलेले ते कच्चे. तुपातेलात तळलेले ते पक्के. सखरी आणि निखरी ही याच भेदाची दुसरी नावे. ब्लंट याने संयुक्त प्रांतातील जातिव्यवस्थेवरील १९३१ च्या ग्रंथात आणि एड्रियन मेयर याने माळव्यातील एका गावाच्या १९६० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखविल्याप्रमाणे, कच्चे अन्न ज्यांच्या हातचे घेता येते त्या जातींची यादी आखूड असते आणि पक्क्या अन्नाची लांब. महाराष्ट्रात हे शब्द तितकेसे रूढ झाले नाहीत. येथे तेच काम 'खरकटे' या शब्दाने केले. भात, वरण, भाकरी, पोळी यांचा स्पर्श झालेला हात खरकटा होतो आणि धुवावा लागतो. लाडू, चकली, चिवडा यांनी तो तसा होत नाही. सोवळ्याच्या घरात कोरडा खाऊ हातात घेऊन मुलाने माजघरात फिरले तर कोणी रागावत नसे. भाताचे एक शीत सांडले तर जमीन पुसावी लागे.

या दोहोंच्या खाली तिसरी पायरी होती ती शिध्याची. तांदूळ, डाळ, पीठ, गूळ, तूप हे न शिजविलेले जिन्नस जवळजवळ कोणाकडूनही घेता येत. याप्रमाणे शिधा, फराळ आणि स्वयंपाक अशी देवघेवीची तीन अंगे होती. शिध्यात देणाऱ्याचे श्रम नसतात आणि स्वयंपाकात देणाऱ्याचा सोवळ्याओवळ्याचा दर्जा आड येतो. घरच्या स्त्रीच्या हाताची चव घेऊन दुसऱ्या घरात जाईल असा प्रकार मधलाच उरतो.

तळण्याच्या क्रियेकडे पाहिले म्हणजे या रूढीला शेंबड्या श्रद्धेपलीकडचा एक आधार होता हे ध्यानात येते. चकलीची भाजणी तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ इत्यादी निरनिराळी भाजून, धने-जिरे घालून दळतात. पिठात कडकडीत तेलाचे मोहन घालून ते गरम पाण्यात भिजवितात आणि सोऱ्यातून पाडतात. म्हणजे पाणी लागतेच. परंतु कढईत पडताच ते वाफ होऊन बाहेर पडू लागते. चकलीभोवती उठणारे बुडबुडे हे त्या पाण्याचेच. बुडबुडे शमले की चकली तळली गेली, ही खूण तापमापकावाचून चालत आलेली आहे. मोहन कमी पडले तर चकली दगडासारखी होते, अधिक झाले तर तेलात विरते. ओलावा नाहीसा झाल्यामुळे पदार्थ डब्यात दोन-तीन आठवडे टिकतो आणि पुढे बिघडतो तो बुरशीने नव्हे तर तेल खवट झाल्याने. पदार्थ टिकाऊ असल्यामुळेच तो प्रवासात, तीर्थयात्रेत आणि माहेर-सासरच्या वाटेवर बरोबर नेला गेला. शुद्धतेची कल्पना आणि टिकाऊपणाचा अनुभव यांपैकी आधीचे कोणते हे सांगता येणार नाही. दोघांनी एकमेकांस बळकटी दिली एवढे स्पष्ट आहे.

'फराळ' या शब्दाचा प्रवासही याला जुळतो. 'फलाहार' हे त्याचे मूळ, आणि अर्थ उपवासाच्या दिवशी घ्यावयाचा हलका आहार असा. त्यानंतर काही व्रतांत भाजलेले धान्य चालते अशी सवलत आली. 'धान्यफराळ' हा शब्द त्या सवलतीचा साक्षीदार आहे आणि भाजणीचे थालीपीठ हे तिचे परिचित फळ. दिवाळीच्या फराळात फळेही नाहीत आणि उपवासही नाही. दोन अर्थांना जोडणारा दुवा एवढाच दिसतो की दोन्ही ठिकाणी नेहमीचा शिजविलेला स्वयंपाक वगळलेला आहे.

मराठीत छापील पाकग्रंथांची परंपरा रामचंद्र सखाराम गुप्ते यांच्या 'सूपशास्त्रा'पासून (१८७५) धरली जाते. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया' १९१० साली निघाले. याच सुमारास मुंबईत गिरणी व कचेरीच्या नोकरीसाठी आलेली कुटुंबे चाळींत राहू लागली होती. एकाच गॅलरीवर निरनिराळ्या गावांची, आणि पुष्कळदा निरनिराळ्या जातींची बिऱ्हाडे आली. एकमेकांकडे पंगतीला बसण्याचा प्रश्न टाळूनही शेजार सांभाळावयाचा होता. दिवाळीच्या ताटांची गॅलरीभर होणारी ये-जा ही त्या अडचणीतून निघालेली व्यवस्था म्हणावी लागेल. आलेले भांडे रिकामे परत करावयाचे नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालावयाची, या दंडकामुळे देणारा आणि घेणारा बरोबरीचे ठरत. कोणाची चकली नळी पडलेली व खुसखुशीत आणि कोणाची मऊ, ही चर्चा ताट परत जाण्यापूर्वीच आटोपलेली असे.

मात्र येथे सावध राहिले पाहिजे. ही ये-जा पाहून पक्के अन्न सर्वांना जोडीत होते असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. अस्पृश्य मानलेल्यांच्या वस्तीतून निघालेले ताट सवर्णांच्या घरी स्वीकारले जात नव्हते, मग त्यातील चकली कितीही तुपात तळलेली असो. तिकडे जाणारे अन्नही बहुधा उरलेले असे, आणि ते भांडे परत येण्याचा प्रश्नच नव्हता. स्नेहाने दिलेली सवलत त्या वेशीवर संपत होती. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली झालेला सत्याग्रह पाण्यासाठी होता, ही गोष्ट या संदर्भात पुन्हा पाहण्याजोगी आहे. कोरड्या खाऊची मुभा जेथे संपते तेथूनच पाण्याचा प्रश्न सुरू होतो.

समतानंद अनंत हरी गद्रे यांनी १९४० नंतरच्या दशकात जे सत्यनारायण घडविले त्यांत अस्पृश्य समाजातील दांपत्य पूजेला बसे आणि प्रसाद झुणका-भाकरीचा असे. या निवडीचे कारण सामान्यतः तिचा साधेपणा व स्वस्ताई असे सांगितले जाते. ते खरे आहे, पण पुरेसे नाही. शेव आणि झुणका दोन्ही हरभऱ्याच्या पिठाचेच. शेव तेलात पडते, झुणका पाण्यात शिजतो. भाकरी तर पाण्यात मळलेली. शेव-चिवडा वाटला असता तर तो पुष्कळांनी खाल्ला असता आणि काहीच सिद्ध झाले नसते. लाहोरच्या जातपाततोडक मंडळाने (स्थापना १९२२) सहभोजनाचा पुरस्कार केला होता. त्याच मंडळासाठी लिहिलेल्या, पण मंडळाने अधिवेशनच रद्द केल्यामुळे १९३६ साली स्वतंत्रपणे छापाव्या लागलेल्या आपल्या भाषणात आंबेडकरांनी सहभोजनही जात मोडावयास अपुरे असल्याचे दाखविले.

लाहोरच्या उल्लेखाने पंजाबकडे वळणे सोयीचे होईल. तेथे हीच मर्यादा हिंदू-शीख आणि मुसलमान शेजाऱ्यांमध्ये होती. रेल्वेच्या फलाटांवर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' वेगळे मिळत असे. मुसलमान घरातून लग्नाकार्यात हिंदू स्नेह्यांकडे शिधा जाई किंवा हिंदू हलवायाकडून करविलेले पदार्थ जात. उर्वशी बुटालिया यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या फाळणीच्या मौखिक इतिहासात रावळपिंडी जिल्ह्यातून निर्वासित झालेल्या एका शीख गृहस्थांचे कथन आहे. मुसलमानाशी हस्तांदोलन झाले तर दुसऱ्या हातातील डब्यातले अन्न बाटले असे आपण मानीत होतो, मात्र कुत्रा धरला तर तसे मानीत नव्हतो, आणि या तुच्छतेचा द्वेषाशी संबंध होता, असे त्यांचे म्हणणे आहे. फाळणीची कारणे अर्थात स्वयंपाकघरात शोधावयाची नाहीत. पण शेजारधर्माच्या आठवणी सांगताना ताटांची देवघेव तेवढी सांगावी आणि हा भाग गाळावा, हेही इतिहासलेखन नव्हे.

मुसलमान घरातील अन्नविचारात पाणी व तूप असा भेद नाही; तेथे प्रश्न मांसाचा आणि ते हलाल असण्याचा. दोन संहितांना एकाच वेळी मान्य होईल असे क्षेत्र त्यामुळे फार लहान राहते : मांस नसलेले आणि स्नेहात तळलेले. डाळीच्या पिठाचे पदार्थ या क्षेत्रात नेमके बसतात. इब्न बतूताचा खिम्याचा समोसा बसत नाही; बटाट्याचा बसतो. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत बटाट्याची लागवड पसरली तेव्हा समोशाच्या पोटात तो शिरला, त्यामागे स्वस्ताई होती हे उघड आहे. परंतु या बदलाने तो पदार्थ देवघेवीच्या वर्गात आला, हा परिणामही तितकाच मोलाचा. यात स्नेहाच्या शुद्धतेवर किती भार होता हे कलकत्त्यात तुपातील भेसळीवरून १९१७ साली उठलेल्या वादळावरून दिसते. तूप संशयित झाले की पक्के अन्न पक्के राहत नाही.

'पकोडा' हा शब्द 'पक्ववट' या शब्दापासून आला असे मानतात, म्हणजे 'पक्का' आणि 'पकोडा' एकाच धातूची अपत्ये. पाकिस्तानात रमजानच्या इफ्तारीत खजुरानंतर पकोड्याचे आणि समोशाचे स्थान आता अढळ झाले आहे. कांदा, बटाटा किंवा पालक बेसनात घोळून सूर्यास्तापूर्वीच्या अर्ध्या तासात तळतात, आणि एक ताट शेजाऱ्याकडे वा मशिदीकडे जाते. समोसे मात्र पुष्कळ घरांत शाबान महिन्यातच भरून शीतपेटीत ठेवलेले असतात. चकलीचे ताट आज गेले नाही तर उद्या जाऊ शकते; पकोडा मऊ पडतो, म्हणून त्याची वेळ घटकांवर नव्हे तर पळांवर मोजली जाते. आणि तेथेही भांडे रिकामे परत देणे अशिष्टपणाचे समजतात.

कराची १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात होती. तेथील सर्वात जुन्या शाळांपैकी एक नारायण जगन्नाथ वैद्य यांच्या नावाने ओळखली जाते. आजही थोडी मराठी कुटुंबे त्या शहरात असून ती गणेशोत्सव करतात. उलट दिशेने १९४७ नंतर सिंधी निर्वासित कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत आले. त्या वस्तीला १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळाले. सिंधमधील स्पर्शास्पर्शाचे नियम पंजाबपेक्षा सैल होते, आणि सिंधी आतिथ्याचा रिवाज महाराष्ट्रीय शेजाऱ्यांस प्रथम चमत्कारिक वाटला असल्यास नवल नाही. घरी येणाऱ्या पाहुण्यापुढे, तो कोण व कोठला हे विचारण्यापूर्वी, सिंधी गृहिणी पापड ठेवते आणि त्याच्याच बरोबर पाण्याचा पेला ठेवते.