सूर नसलेलें वाद्य

श्रोतेहो, एका साध्या प्रश्नानें आरंभ करतों. ज्या वाद्याला तार नाहीं, कातडें नाहीं, भाता नाहीं, आणि ज्याच्या कितीहि कळा दाबल्या तरी स्वतःचा म्हणून एकहि सूर ज्यांतून निघत नाहीं, त्यास वाद्य म्हणावें कीं नाहीं? प्रश्न विक्षिप्त वाटेल. परंतु अशीं वाद्यें आज जगांतील असंख्य वादकांच्या हातीं आहेत. त्यांस कंट्रोलर म्हणतात. संगणकाच्या साहाय्यानें गाण्यांत गाणीं गुंफणारे डीजे आणि विद्युत्-संगीताचे वादक यांचें पुष्कळसें काम या मुक्या पेटीवर चालतें. तिचा इतिहास आज थोडक्यांत सांगण्याचा विचार आहे.

आपल्याकडे ‘डीजे’ या शब्दाचें दैव फार वाईट. मिरवणुकींत ध्वनिवर्धकांच्या भिंती उभ्या राहिल्या आणि खिडक्यांचीं तावदानें थरथरूं लागलीं, कीं त्या सर्व प्रकारास आपण ‘डीजे’ म्हणून मोकळे होतों. मूळ शब्द ‘डिस्क जॉकी’, म्हणजे तबकड्या वाजविणारा मनुष्य. आणि हा मनुष्य प्रथम नांवारूपास आला तो नभोवाणीवरच. म्हणजे तो आमच्याच घरचा. गोंगाटाचा दोष ध्वनिवर्धकाचा, आणि त्याहून अधिक तो चढविणाऱ्या हाताचा. पेटी बिचारी निरपराध आहे.

मग ही पेटी करते तरी काय? जुन्या तारयंत्राची आठवण करा. तारेंतून माणसाचा आवाज जात नसे. ‘कट्ट-कडकट्ट’ अशा खुणा जात, आणि त्या ओळखणारा पलीकडे बसलेला असला म्हणजे निरोप पोंचत असे. कंट्रोलरहि खुणाच पाठवितो. अमुक कळ दाबली, इतक्या जोरानें दाबली, आतां सोडली. अमुक दांडी इतकी वर सरकविली. त्या खुणा वाचून सूर काढण्याचें काम दुसऱ्या यंत्राचें किंवा संगणकाचें. या खुणांच्या लिपीला ‘मिडी’ म्हणतात, आणि तिच्या जन्माची कथा ऐकण्याजोगी आहे.

१९७० नंतरच्या दशकांत सिंथेसायझर, म्हणजे विजेनें सूर घडविणारें यंत्र, वादकांच्या हातीं आलें. पण प्रत्येक कारखान्याचा हिशेब निराळा होता. कोणी एका सप्तकाच्या चढाला एक व्होल्ट असें माप धरी, तर कोणी स्वराच्या कंपनसंख्येच्या प्रमाणांत व्होल्ट वाढवी. त्यामुळें एका कारखान्याचें यंत्र दुसऱ्या कारखान्याच्या यंत्राशीं सरळ बोलूं शकत नसे. दोन निरनिराळे आवाज हवे असले तर वादकानें दोन यंत्रें पुढ्यांत मांडावीं आणि एकेक हात एकेकावर ठेवावा, हीच रीत होती.

या काळाचें एक उदाहरण मुंबईंतीलच आहे. चित्रपटसंगीतांत वादन करणारे चरणजित सिंग यांनीं १९८२ सालीं दहा राग पाश्चात्य नाचाच्या ठेक्यावर विद्युत्-यंत्रांनीं वाजवून त्यांची एक तबकडी काढली. त्यांचीं यंत्रें रोलंड या जपानी कंपनीचीं होतीं: जुपिटर-८ हें सूरयंत्र, टीबी-३०३ हें खर्जाचें यंत्र आणि टीआर-८०८ हें तालयंत्र. खर्जयंत्र व तालयंत्र एकाच घरचीं असल्यामुळें त्यांना एकमेकांस लय कळविण्याची सोय होती, आणि तीं पावलास पाऊल लावून चालूं शकत. मध्यें परक्या घरचें यंत्र आलें असतें तर ही संगत इतकी सहज जमती ना. त्या वेळीं या तबकडीकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. २०१० सालीं ती पुन्हां निघाली, तेव्हां मात्र देशोदेशींच्या जाणकारांनीं तिचें कौतुक केलें.

परक्या घरच्या यंत्रांचा हा अबोला मोडण्याचें ज्यांनीं मनावर घेतलें ते रोलंड कंपनीचेच संस्थापक इकुतारो काकेहाशी. त्यांचा जन्म १९३० सालचा, ओसाका येथील. ते दोन वर्षांचे असतांनाच आईबाप क्षयानें गेले. ऐन पोरवयांत त्यांनीं घड्याळें दुरुस्त करण्याचा धंदा मांडला. पुढें त्यांनाहि क्षयानें गांठलें. रुग्णालयांत कित्येक वर्षें काढल्यावर स्ट्रेप्टोमायसिन या त्या वेळच्या नव्या औषधानें ते वांचले. १९७२ सालीं त्यांनीं रोलंड कंपनी काढली. अशा कष्टानें उभी केलेली कंपनी आपल्या युक्त्या झांकून ठेवील असें कोणासहि वाटावें. परंतु १९८१ च्या जूनमध्यें अमेरिकेंत वाद्यांच्या व्यापाऱ्यांचें प्रदर्शन भरलें असतां काकेहाशींनीं तेथील कारखानदार टॉम ओबरहाइम यांच्याजवळ गोष्ट काढली, कीं सर्वांनीं मिळून एकच भाषा कां ठरवूं नये?

ही गोष्ट ओबरहाइम यांच्याकडून डेव्ह स्मिथ या तरुण यंत्रज्ञाच्या कानीं गेली. सीक्वेन्शियल सर्किट्स ही त्यांची कॅलिफोर्नियांतील लहानशी कंपनी, आणि प्रॉफेट-५ या १९७८ सालच्या यंत्रामुळें त्यांचें नांव झालेलें. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत स्मिथ यांनीं चेट वुड या सहकाऱ्यासह ध्वनितज्ज्ञांच्या सभेपुढें या सामाईक भाषेचा आराखडा मांडला. पुढच्या जानेवारींत कारखानदारांची बैठक झाली. पण मतें फांटलीं आणि बहुतेक अमेरिकन कारखानदार बाजूस झाले. टिकून राहिले ते स्मिथ, आणि रोलंड, यामाहा, कॉर्ग व कावाई या चार जपानी कंपन्या. बाजारांत या एकमेकींच्या प्रतिस्पर्धी! तरीहि पत्रव्यवहार चालला, मसुदे दुरुस्त झाले, आणि १९८३ च्या जानेवारींत अनाहाइम येथील प्रदर्शनांत स्मिथ यांचें प्रॉफेट-६०० आणि रोलंडचें जुपिटर-६ हीं दोन यंत्रें एका तारेनें जोडण्यांत आलीं. एकावर बोट ठेवतांच दुसरें बोलूं लागलें. त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्यें लिपीचे नियम छापून प्रसिद्ध झाले, आणि ते वापरण्याबद्दल कोणाकडूनहि स्वामित्वशुल्क घ्यावयाचें नाहीं असें ठरलें.

आतां ही लिपि कशी आहे तें पाहूं. एक सूर वाजविण्याचा निरोप तीन शब्दांचा असतो: ‘वाजव’, ‘कोणता’ आणि ‘किती जोरानें’. प्रत्येक शब्द आठ बिटांचा. त्यांतील पहिली बिट, हा शब्द आज्ञा आहे कीं आंकडा एवढेंच सांगते. आंकड्यासाठीं सात उरतात, आणि सात बिटांत ० पासून १२७ पर्यंत, म्हणजे १२८ च पायऱ्या बसतात. सेकंदास ३१,२५० बिटा जातात. एका सुराचा निरोप पोंचण्यास सेकंदाचा सुमारें एक सहस्रांश लागतो. एका तारेवरून सोळा निरनिराळ्या वाद्यांस सोळा निरनिराळे निरोप धाडतां येतात. दोन यंत्रांच्या विजेचा थेट संबंध येऊन घरघर होऊं नये, म्हणून मध्यें एक लहानसा दिवा व त्यास पाहणारा भाग असतो. निरोप क्षणभर प्रकाश होऊन पलीकडे जातो. सर्व सामग्री स्वस्त, बाजारांत सहज मिळणारी. हेंच तिच्या प्रसाराचें मर्म.

या लिपीनें बोटाची आणि सुराची फारकत केली. सतारींत बोट जेथें पडतें तेथेंच सूर उठतो. आतां बोट एकीकडे व सूर दुसरीकडे असें झालें, आणि ज्यांत केवळ बोटाची सोय आहे, सुराची नाहीं, अशी पेटी प्रथमच वाजवी ठरली. १९८८ सालीं रॉजर लिन यांनीं आकाई कंपनीसाठीं घडविलेल्या एमपीसी-६० या यंत्रांतून सूर निघत असे. परंतु त्यावर पट्ट्यांऐवजीं बोटांनीं थापटण्याचे सोळा मऊ चौकोन होते. पुढें २००१ सालीं बर्लिनमध्यें ‘एबलटन लाइव्ह’ ही संगणकावरची वादनप्रणाली निघाली. २००६ सालीं ‘मोनोम’ ही नुसत्या कळांची पेटी आली. आणि २००९ सालीं नोव्हेशन कंपनीच्या लाँचपॅडवर, बुद्धिबळाच्या पटासारखे, चौसष्ट चौकोन उजळले.

डीजेची वाट याहून निराळी. १९७३ च्या ११ ऑगस्टला न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागांत कूल हर्क या तरुणानें एका घरगुती समारंभांत तबकड्या वाजविल्या. एकाच गाण्याच्या दोन प्रती दोन यंत्रांवर ठेवून त्यांतील केवळ ठेक्याचा तुकडा आलटून पालटून लांबवीत नेण्याची युक्ति त्याच्या नांवानें प्रसिद्ध आहे. या कलेस उपकारक ठरलें तें टेक्निक्स एसएल-१२०० हें १९७२ सालचें जपानी यंत्र. त्याची मोटार पट्ट्यानें न जोडतां थेट तबकाखालीं बसविली होती. म्हणून तबक चटकन् गति घेई, आणि हातानें मागेंपुढें फिरविलें तरी तें बिघडत नसे. ऐकण्याचें यंत्र असें हळूहळू वाजविण्याचें वाद्य झालें.

२००१ च्या सुमारास एक चमत्कारिक तबकडी निघाली. ‘फायनल स्क्रॅच’ या नेदरलंड्समधील योजनेंत तबकडीवर गाणें नव्हतेंच. केवळ काळ मोजण्याच्या खुणा होत्या. सुई त्या वाची आणि संगणकांतील गाणें त्याप्रमाणें पुढेंमागें होई. तबकडी खरी, सुई खरी, गाणें मात्र भलतीकडे. मग तबकडी तरी कशाला? पुढच्या काहीं वर्षांत दोन चाकें, चार दांड्या आणि थोड्या कळा असलेली पेटी थेट संगणकाला जोडूं लागले, आणि डीजेचा कंट्रोलर सिद्ध झाला.

येथेंच मिडीच्या उणिवेनें डोकें वर काढलें. दोन गाणीं एका लयींत ठेवणें हा डीजेचा पहिला धडा. गति कमीअधिक करणारी दांडी शेंकडा आठ खालीं ते आठ वर चालते असें धरा. या सोळा टक्क्यांच्या १२८ पायऱ्या केल्या तर एकेक पायरी अष्टमांश टक्क्याची होते. एवढासा फरक राहिला तरी मिनिटाभरांत दोन ठेके सेकंदाच्या ७५ सहस्रांशानें फांकतात, आणि तयारीच्या कानास तें तत्काळ खटकतें. म्हणून दोन आंकडे जोडून १६,३८४ पायऱ्या करण्याची जी सोय त्या लिपींत होती तिचा आश्रय घ्यावा लागला. कांहीं कंपन्यांनीं तर आपली स्वतंत्र लिपि काढली.

दुसरी उणीव आपणांस अधिक जवळची आहे. मिडी जन्मली ती बारा पट्ट्यांच्या हिशेबांत. आपल्या नभोवाणीवर १९४० सालीं हार्मोनियमला बंदी झाली, ती सैल होण्यास १९७१ साल उजाडलें. आक्षेप हाच होता, कीं पट्टी सुटी आहे, तींतून मींड निघत नाहीं आणि श्रुति सांपडत नाहींत. मिडींत सूर वांकविण्याची सोय आहे खरी. परंतु ती एका वाटेवरील सर्व सुरांस एकदमच वांकविते. एक सूर स्थिर ठेवून दुसऱ्याची मींड घ्यावयाची तर प्रत्येक सुरास निराळी वाट द्यावी लागते. ही रीत सर्वसंमत होण्यास २०१८ साल उजाडावें लागलें. २०२० सालीं मिडीची दुसरी आवृत्ति जाहीर झाली. तींत १२८ पायऱ्यांच्या जागीं अब्जावधि पायऱ्या आहेत, आणि एकेक सूर स्वतंत्रपणें वांकवितां येतो.

मग पहिली घाई चुकली काय? मला तसें वाटत नाहीं. आमच्या वडिलांच्या पिढीला मोडी व बाळबोध अशा दोन्ही लिपी येत. मोडी जलद खरी, पण ज्याच्या त्याच्या वळणाप्रमाणें बदलणारी. एकाचें लिहिलेलें दुसऱ्यास लागेल याची शाश्वति नसे. बाळबोध सावकाश, पण शाळेंतील पोरासहि वाचतां येणारी. शेवटीं टिकली ती बाळबोध. १९८३ सालीं पांच कंपन्या सर्वगुणसंपन्न लिपीची वाट पाहत बसल्या असत्या, तर प्रत्येकीची मोडी आजहि निराळीच राहिली असती. उणें स्वीकारून एकमत झालें, म्हणूनच पुढें उणें भरून काढतां आलें. आणि नवें यंत्र आजहि जुनें यंत्र भेटल्यास त्याच्याशीं जुन्याच लिपींत बोलतें.

ज्यांनीं हें दान केलें त्यांना त्याचा मोबदला मिळालाच असें नाहीं. स्मिथ यांची कंपनी १९८७ सालीं बुडाली, आणि तिचें नांवसुद्धां यामाहाच्या मालकीचें झालें. २०१३ सालीं काकेहाशी व स्मिथ या दोघांना तांत्रिक कामगिरीबद्दलचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. त्याहून मला मोठी वाटते ती २०१५ सालची गोष्ट: काकेहाशींनीं शब्द टाकला, आणि यामाहानें ‘सीक्वेन्शियल’ हें नांव स्मिथ यांस परत दिलें. प्रतिस्पर्ध्याचें नांव त्याला परत मिळावें म्हणून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्यानें रदबदली करावी, असा प्रसंग व्यापाराच्या इतिहासांत विरळा. काकेहाशी २०१७ सालीं वारले, स्मिथ २०२२ सालीं.

आरंभींच्या प्रश्नाकडे वळून आतां पुरें करतों. सूर नसलेल्या या पेटीस वाद्य म्हणावें काय? माझ्या मतें म्हणावें; कारण तिच्यावरहि हात बसावा लागतो, आणि हात बसण्यास वर्षें लागतात. उद्यां आपल्या घरीं एखाद्या नातवंडानें अशी पेटी आणली, तर आवाज कमी करावयास अवश्य सांगा. तो वडीलमंडळींचा हक्कच आहे. पण त्याबरोबर जवळ बसून एखादी कळ दाबूनहि पाहा. ती ज्या भाषेंत बोलते ती भाषा प्रतिस्पर्ध्यांनीं एकत्र बसून घडविली आणि फुकट वांटली, एवढी आठवण ठेवावी, हीच विनंति.