शिट्टी कधी वाजणार, ते आधी सांगा

१९४३ साली लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञाने अकरा मुलांविषयी एक लांबलचक निबंध लिहिला. तो अमेरिकेत, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये काम करायचा. ऑटिझम हा शब्द आज आपण ज्या अर्थाने वापरतो, त्याची सुरुवात बहुतेक जण या निबंधापासून धरतात. त्यात एक जागा आहे, तिथे मी दर वेळी थांबतो. या मुलांना कशाकशाची दहशत बसते, हे कॅनर सांगतो. व्हॅक्यूम क्लीनर, लिफ्ट, वाहतं पाणी, गॅसची शेगडी, चावीची खेळणी, अंडी फेटायचं यंत्र. इथपर्यंत ठीक. पण त्याच यादीत झोपाळा आहे, तीनचाकी सायकल आहे, आणि कधीकधी नुसता वारासुद्धा.

म्हणजे मुलांना मजा यावी म्हणून आपण जे बागेत मांडून ठेवतो, नेमकं तेच.

हा निबंध मी वाचायला घेतला तो माझ्या भाच्यामुळे. तो नऊ वर्षांचा आहे, ऑटिस्टिक आहे, मोजकंच बोलतो. एप्रिल संपत आला की ताईच्या घरात एकच प्रश्न असतो, याला सुट्टीत कुठे न्यायचं? मामा मीच, त्यामुळे ही जबाबदारी माझ्याकडे परंपरेनेच आली. इंटरनेटवर ‘सेन्सरी फ्रेंडली’ सहलींच्या याद्या ढिगाने मिळतात. हेडफोन घ्या, गर्दी टाळा, खाऊ बरोबर ठेवा. सगळं बरोबरच आहे. पण मला जाणून घ्यायचं होतं की या गोष्टी सुचल्या कुणाला, आणि सुचायला इतका वेळ का लागला.

कॅनरने आणखी एक गोष्ट टिपली होती. आवाजाने घाबरणारं हेच मूल स्वतः तितकाच मोठा आवाज आनंदाने काढतं, वस्तू मनासारख्या हलवतं. यावरून त्याने अर्थ काढला की भीती आवाजाची नाही, मुलाच्या एकटेपणात बाहेरचं काहीतरी घुसतं त्याची आहे. निरीक्षण अचूक होतं. पण आज भाच्याकडे बघताना मला त्याचा साधा अर्थ दिसतो. आपण काढलेला आवाज कधी सुरू होणार आणि कधी थांबणार, हे आपल्याला ठाऊक असतं. दुसऱ्याने काढलेला आवाज अंगावर येतो. मिक्सर भाचा स्वतः लावतो तेव्हा हसतो. आईने न सांगता लावला तर कान दाबून खाली बसतो. मिक्सर तोच, आवाजही तोच.

हा धागा त्याच वेळी पकडला गेला असता तर बरं झालं असतं. पण पुढची वीसेक वर्षं भलतीकडेच गेली. आयांच्या थंडपणामुळे मुलं अशी होतात, या कल्पनेने जोर धरला. ‘रेफ्रिजरेटर मदर’ हा शब्दप्रयोग तिथलाच. बर्नार्ड रिमलंड हा मानसशास्त्रज्ञ स्वतः एका ऑटिस्टिक मुलाचा बाप होता. त्याने १९६४ साली पुस्तक लिहून ही कल्पना खोडून काढली. तरीही १९६७ साली ब्रुनो बेटलहाइमने पुन्हा आईबापांनाच दोषी धरणारं पुस्तक लिहिलं, आणि ते गाजलं. मूल बागेत किंचाळलं की आजही शेजारच्या बाकावरून ऐकू येतं, ‘लाडावून ठेवलंय.’ तो त्याच जुन्या आरोपाचा देशी अवतार आहे. आणि आईलाच आरोपी केलं, की झोपाळ्याकडे, भोंग्याकडे, दिव्यांकडे बघायची कुणाला गरजच उरत नाही.

सहलींच्या बाबतीत मात्र चांगली सुरुवात याच काळात झाली, आणि तीही उन्हाळ्याच्या सुट्टीतच. युनिस केनेडी श्रायव्हर ही राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडींची बहीण. त्यांची आणखी एक बहीण, रोझमेरी, बौद्धिकदृष्ट्या अक्षम होती. आपल्या मुलाला कुठल्याच उन्हाळी शिबिरात घेत नाहीत, अशी तक्रार एका आईने युनिसकडे केली. जून १९६२मध्ये युनिसने मेरिलँडमधल्या आपल्या घराच्या आवारातच शिबिर भरवलं. पोहणं, चेंडू, घोडे. शाळा-कॉलेजातली तरुण मुलं मदतनीस म्हणून आली आणि जवळजवळ प्रत्येक मुलामागे एक जण होता. ‘स्पेशल ऑलिम्पिक्स’चं मूळ या अंगणात आहे, त्याचे पहिले खेळ २० जुलै १९६८ला शिकागोत झाले. हे शिबिर ऑटिझमसाठी नव्हतं, आवाज-प्रकाशाचा विचारही त्यात नव्हता. पण मूल आधी ‘सुधारू दे’ आणि मग बाहेर नेऊ, ही अट तिथे नव्हती.

याच सुमाराला कॅलिफोर्नियात जीन एअर्स ही ऑक्युपेशनल थेरपिस्ट वेगळा प्रश्न विचारत होती. कान, त्वचा, तोल यांच्याकडून येणारी माहिती मेंदू एकत्र कशी जुळवतो, आणि ती नीट जुळली नाही तर काय होतं? १९७२ साली तिचं पुस्तक आलं आणि ‘सेन्सरी इंटिग्रेशन’ हा शब्द थेरपीच्या जगात रुळला. तिच्या उपचारपद्धतीबद्दल वाद आहेत. त्या उपचारांमागचा पुरावा मर्यादित आहे, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ साली बजावलं. पण एक मोठी गोष्ट तिच्यामुळे झाली. ‘हे मूल हट्टी आहे’ याऐवजी ‘याला हा आवाज सोसत नाही’ असं म्हणायला आपल्याला भाषा मिळाली.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट नेदरलँड्समधली आहे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ‘दे हार्टेनबर्ग’ या संस्थेत यान हुल्सेखे आणि आट फेरहुल हे दोघे काम करत. तिथल्या उन्हाळी जत्रेत त्यांनी एक तंबू उभारला. आत काय होतं? कागदाचे कपटे उडवणारा पंखा, पाण्यात मिसळून पडद्यावर टाकलेली शाई, हात लावून बघायच्या वस्तू, वासाच्या बाटल्या. मनाला येईल तितका वेळ बसा, नको तर उठा. या कल्पनेला त्यांनी ‘स्नूझलन’ म्हटलं. हुंगणं आणि डुलकी घेणं या अर्थाचे दोन डच शब्द जोडून तो शब्द तयार झाला. आज ‘सेन्सरी रूम’ म्हणून महागडी उपकरणं विकली जातात. त्यांचा पूर्वज जत्रेतला एक तंबू आहे, हे लक्षात असू द्या.

मग थिएटरं. २००७ साली मेरिलँडमध्येच एका आईला चित्रपट अर्धवट सोडून बाहेर पडावं लागलं होतं, कारण तिची ऑटिस्टिक मुलगी पडद्यासमोर नाचत होती आणि इतरांनी तक्रार केली. तिने ‘एएमसी’च्या स्थानिक थिएटरला विचारलं, आमच्यासाठी एक वेगळा खेळ लावाल का? त्यांनी लावला. दिवे थोडे चालू, आवाज कमी, जाहिराती नाहीत, मुलांनी उठावं, नाचावं, ओरडावं. पुढे ‘ऑटिझम सोसायटी’च्या साथीने हे खेळ इतर शहरांतही सुरू झाले.

२ ऑक्टोबर २०११ला न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर ‘द लायन किंग’चा असाच प्रयोग झाला. ‘थिएटर डेव्हलपमेंट फंड’ या ना-नफा संस्थेने त्या प्रयोगाची सगळी तिकिटं विकत घेतली आणि ऑटिस्टिक मुलांच्या कुटुंबांना स्वस्तात दिली. काही ठिकाणी आवाज खाली आणला, डोळ्यांवर येणारे लखलखते दिवे काढले, लॉबीत शांत कोपरे केले. नाटक तेच ठेवलं. आणि घरी आधीच एक सचित्र गोष्ट पाठवली: आपण या दारातून आत जाऊ, इथे बसू, मग अंधार होईल, मग मोठा आवाज येईल.

इथे मला कॅनरच्या निबंधातला सुटलेला धागा परत सापडला. मुलाला पूर्ण शांतता लागत नाही. काय होणार हे आधी कळावं लागतं, आणि नको झालं तर निघता यावं लागतं. डच तंबूतही तेच होतं, आणि नसेल जमत तर हॉलबाहेरच्या कोपऱ्यातही तेच. आवाज, प्रकाश, स्पर्श यांना तीव्र किंवा फारच थोडा प्रतिसाद देण्याला ऑटिझमच्या अधिकृत अमेरिकी निकषांत जागा मिळाली ती २०१३ साली. कॅनरच्या यादीनंतर सत्तर वर्षांनी. आयांना मात्र ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

आपल्याकडे काय? १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यात ऑटिझमचं नावच नव्हतं. १९९९च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात ते आलं, आणि २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस प्रकारांत त्याची गणना केली. त्याच कायद्याच्या कलम २९मध्ये दिव्यांगांच्या सांस्कृतिक जीवनाची आणि करमणुकीची जबाबदारी सरकारवर आणि स्थानिक संस्थांवर टाकली आहे. म्हणजे बाग, संग्रहालय, नाट्यगृह ही मेहेरबानी राहिलेली नाही. कलम कागदावर आहे. बागेच्या दारावर अजून दिसत नाही.

तोवर आम्ही यंदाची सहल ठरवली आहे, माथेरानची. कारण पुन्हा इतिहासातच आहे. आदमजी पीरभॉय कुटुंबाने बांधलेली नेरळ-माथेरान गाडी १९०७ साली सुरू झाली, आणि या गावात मोटारींना आजही बंदी आहे. अलीकडे थोड्या ई-रिक्षा आल्यात, पण हॉर्नचा गोंगाट नाही. मुंबई-पुण्याहून एका दिवसात जाता येईल, अशी दुसरी जागा मला तरी सुचत नाही.

पण माथेरानला शनिवार-रविवारची गर्दी आहे, घोड्यांचा वास आहे, हातातला खाऊ पळवणारी माकडं आहेत आणि गाडीची शिट्टी आहे. म्हणून मंगळवार निवडला. नेरळपासूनचा लांबचा प्रवास न करता अमन लॉजहून वीसेक मिनिटांची शटल घ्यायची, आणि इंजिनापासून लांबच्या डब्यात बसायचं. मी आधी एकटा जाऊन फोटो काढून आणलेत: वाहनतळ, तिकीट खिडकी, डबा, लाल मातीचा रस्ता, स्वच्छतागृह, माकड. ताईने ते क्रमाने वहीत चिकटवले आणि शेवटचा फोटो घराच्या दाराचा लावला. शिट्टीचा आवाज मोबाइलवर घेतलाय. बटण भाच्याच्या हातात, त्याला हवं तेव्हा, हवा तितका. उन्हाचाही विचार केलाय, कारण घामाने चिकटणारा शर्ट त्याच्यासाठी भोंग्याइतकाच त्रासाचा असतो. म्हणून जुने, धुऊन मऊ झालेले, मानेची पट्टी कापलेले दोन सुती शर्ट. ‘पुरे’ म्हणायला लाल कार्ड. ते दिसलं की मी त्याच्याबरोबर परत फिरणार, बाकीचे पुढे जाणार. सहल अर्ध्यावर संपली तरी ती झाली, असंच आम्ही धरणार आहोत.

हे सगळं एका कुटुंबाला जमतं, पण एका कुटुंबानेच कायम करत राहावं असं नाही. १९६२च्या अंगणात मुलांमागे उभी होती ती तुमच्याच वयाची मुलं होती. तुमच्यापैकी कुणी गणेश मंडळात असेल, कुणी कॉलेजचा महोत्सव करत असेल, कुणी एकांकिका बसवत असेल. एक तास आवाज कमी ठेवा. दारावर लिहा, ढोल किती वाजता सुरू होणार आणि किती वाजता थांबणार. एक रिकामी खोली दाखवून ठेवा. पैसे जवळजवळ लागत नाहीत. आणि एखादं मूल कान दाबून खाली बसलंच, तर त्याच्या आईकडे बघू नका. आधी स्पीकरकडे बघा.