वाशीम : तळी आणि पाऊलवाटा

वाशीम : महाराष्ट्राच्या विदर्भ विभागातील याच नावाच्या जिल्ह्याचे मुख्य ठिकाण. लोकसंख्या ७८,३८७ (२०११). पूर्वी अकोला जिल्ह्यात मोडणारा हा भाग १ जुलै १९९८ रोजी वेगळा जिल्हा झाला. वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा हे त्याचे सहा तालुके. शहर अकोला–पूर्णा लोहमार्गावर असून हा मार्ग २००८ मध्ये मीटरगेजचा ब्रॉडगेज झाला. वऱ्हाडचे जुने दोन भाग म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातला सपाट पयनघाट आणि त्याच्या दक्षिणेचा उंच बालाघाट. वाशीम बालाघाटात येते. इथल्या वाटा समजून घ्यायच्या तर एवढी एक गोष्ट आधी ध्यानात ठेवावी, कारण अकोल्याकडून येणारा माणूस वाशीमला पोहोचतो तो एक पायरी चढून.

सह्याद्रीतल्या गडकिल्ल्यांना सरावलेल्या पायांना इथे चढण अशी सापडत नाही. कडे, सुळके, तटबुरूज यांपैकी फारसे काही नाही. आहे ते काळ्या पाषाणाचे लांबच लांब पठार, त्यावर बुटक्या टेकड्यांच्या रांगा, नाल्यांनी कोरलेल्या घळी आणि माणसांनी बांधलेली तळी. सकाळी निघून दिवेलागणीला परत यावे अशा भटकंतीला मात्र हा मुलूख फार सोयीचा आहे.

सुरुवात शहरातल्या दोन तळ्यांपासून करावी. पद्मतीर्थ हे त्यातले जुने. वत्स ऋषींच्या आश्रमावरून गावाला वत्सगुल्म नाव पडले अशी परंपरा आहे. आणि वासुकी नावाच्या राजाचे कोड इथल्या डबक्यात स्नान केल्याने गेले, म्हणून त्याने त्या डबक्याचे तळे करवले, अशी दुसरी कथा. दुसरे तळे बालाजी मंदिराचे, त्याला देव तलाव म्हणतात. भोसल्यांच्या पदरी असलेल्या भवानी काळू यांनी मंदिर आणि तळे दोन्ही बांधले; मंदिराचे काम १७७९ मध्ये पुरे झाले असे मानतात. तळ्याच्या चारी बाजू घडीव दगडाने बांधून काढल्या आहेत. पहाटे काकड्याच्या वेळी पायऱ्यांवर बसले की देवळातली घंटा आधी हवेतून आणि मग पाण्यावरून अशी दोनदा ऐकल्याचा भास होतो. दोन्ही तळी मिळून तासाभराची फेरी होते. शहराचे पिण्याचे पाणी येते ते एकबुर्जी जलाशयातून. हिवाळ्यात तिथल्या पाण्यावर पाहुणी बदके उतरतात. शहराला इतके जवळ आणि तरी इतके निवांत पाणी दुसरे नाही.

दगडाहून जुनी गोष्ट तांब्यावर आहे. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म होती. सर्वसेनाने ती शाखा स्थापली. पुढे याच घराण्यातल्या हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरवले. दुसरा विंध्यशक्ती या राजाचा ताम्रपट वाशीमला १९३९ मध्ये सापडला आणि वा. वि. मिराशी यांच्यासारख्या अभ्यासकांच्या लेखनातून वत्सगुल्म शाखेला इतिहासात जागा मिळाली. ताम्रपटाची भाषा काही संस्कृत, काही प्राकृत. काव्यशास्त्रातली ‘वच्छोमी’ रीती याच गावाच्या नावावरून आलेली आहे. पुढे मराठेशाहीत वाशीम कापडासाठी नावाजले होते. माधवराव पेशवे आणि जानोजी भोसले यांच्यात १७६९ साली कनकापूरला झालेल्या तहात वाशीम व बाळापूरच्या कापडाचा वार्षिक नजराणा ठरला होता. आज हे सांगणारा फलक शोधत हिंडलात तर हाती थोडेच लागेल. एवढ्या जुन्या राजधानीने आपल्या खुणा इतक्या बेफिकिरीने मातीत जाऊ द्याव्यात, हे खटकते.

पायी जाणाऱ्याने सर्वांत आधी धरावी अशी वाट उत्तरेची, काट्याची. काटा हे लहानसे गाव. त्याच्या परिसरात उगम पावून उत्तरेकडे पूर्णेला मिळणारी नदी ती काटेपूर्णा. तिचे पाणी पूर्णेतून तापीत आणि तापीतून अरबी समुद्रात जाते. उलट वाशीमच्याच परिसरात उगवणारी पूस आग्नेयेला पुसदकडे वळते आणि पैनगंगा, वर्धा, गोदावरी असे करत बंगालच्या उपसागरात पोहोचते. म्हणजे वाशीमहून काट्याला चालत जाणारा माणूस दुपारच्या भाकरीआधी दोन समुद्रांमधली पाणलोटाची रेघ ओलांडतो. ती रेघ डोळ्यांना दिसत नाही. एखाद्या हरभऱ्याच्या वावरात उभे राहून दोन्हीकडचे उतार पाहिले तरी फरक कळत नाही. धुऱ्याच्या अलीकडचा पाऊस एका समुद्राचा आणि पलीकडचा दुसऱ्याचा, हे पावसाळ्यात नाले कुठे वळतात ते पाहूनच कळते. या जिल्ह्यात पाहण्यासारखे काय, असे कुणी विचारले तर आमचे पहिले उत्तर हेच असेल. जाऊन-येऊन पूर्ण दिवस मोडतो, म्हणून जाताना पायी आणि येताना गाडीने असा बेत बरा.

ही वाट बहुतेक पांदणींची आहे. दोन शेतांच्या धुऱ्यांमधून जाणारा बैलगाडीचा रस्ता म्हणजे पांदण. दोन्ही बाजूंना बाभूळ, बोर, हिवर, मधूनच पळस. पांदण बैलगाडीच्या मापाची असल्याने दोघे शेजारी चालू शकतात, तिसऱ्याने मागे राहायचे. नाला आडवा आला की रपटा लागतो, पूर आला की तो पाण्याखाली. शिवार संपून बरड जमीन लागली की गवताळ माळ सुरू होतो. त्यातला पुष्कळसा ‘ई-क्लास’, म्हणजे सरकारी पडीत. पावसाळ्यात या वाटेला जाऊ नये. काळ्या मातीचा लगदा बुटाला धरतो, पावलागणिक वाढतो आणि शेवटी पाय उचलण्याऐवजी ओढावा लागतो. सोयाबीन निघाल्यावर, दिवाळीच्या सुमारास, रान मोकळे होते. थंडीत पहाटे हरभऱ्याच्या कडेने गेले की पोटऱ्यांपर्यंत आंब लागते. ती आंबट असते आणि चपलेच्या चामड्यावर पांढरे डाग पाडते. तूर सोंगल्यावर उरलेली धसकटे तर पातळ तळव्याची चप्पल सरळ भोसकतात. फाल्गुनात पळस फुलतो. त्यानंतर मात्र ऊन माणसाला थांबू देत नाही.

वाटेत एखादा म्हातारा हमखास विचारतो, ‘कोन्त्या गावचे हो भाऊ? पायी कायले? एश्टी हाय ना बाप्पा!’ मौजेखातर चालतो आहोत हे उत्तर त्याला पटत नाही. देवाला निघालो म्हटले की लगेच पटते. आणि त्याचे बरोबरच आहे, कारण या जिल्ह्यात चालण्याची खरी परंपरा देवाची आहे. शेगावहून पंढरपूरला जाणारी गजानन महाराजांची पालखी दर वर्षी पातूरहून घाट चढून मेडशीला येते, म्हणजे पयनघाटातून बालाघाटात. पुढे डव्हा, मालेगाव, शिरपूर, रिसोड करत ती हिंगोली जिल्ह्यात उतरते. शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथाचे स्थान जैनांना पवित्र. मूर्ती भूमीला न टेकता अधांतरी आहे अशी श्रद्धा असून नावही त्यावरूनच आले. अनवाणी विहार करणारे जैन साधू या बाजूच्या रस्त्यांवर दिसतात. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे मोठे तीर्थ. सेवालाल महाराजांची समाधी तिथे आहे आणि रामनवमीला तांड्यातांड्यांतून माणसे पायी येतात.

दुसरे तळ्याकाठचे गाव कारंजा. करंज ऋषींनी खोदलेले म्हणून ऋषी तलाव, अशी आख्यायिका. नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान आणि जैन मंदिरांतली हस्तलिखिते यांमुळे कारंज्याचे नाव दूरवर गेले. दिल्ली, दारव्हा, मंगरूळ आणि पोहा अशी वेशींची नावे आहेत. जुना व्यापार कुठकुठे चाले ते त्या नावांवरून उमगते. तळे, वेशी, गुरुमंदिर अशी पायफेरी सकाळभरात होते, मग दुपार सोहोळला द्यावी. कारंजा–सोहोळ काळवीट अभयारण्य २००० मध्ये घोषित झाले, क्षेत्र १८.३२ चौ. किमी. जंगल शोधायला जाणाऱ्याची इथे निराशा होते, कारण हे गवताचे रान आहे. गुडघाभर पिवळ्या गवतात काळविटाची शिंगे आधी दिसतात, अंग नंतर. रोही, म्हणजे नीलगाय, इथे आणि भोवतालच्या शेतांतही फिरतात. पाहुण्याला ते कौतुकाचे वाटतात, पण रात्रभर जागल करणाऱ्या शेतकऱ्यासमोर हे कौतुक बोलून दाखवू नये.

जंगल पाहिजे असेल त्याने काटेपूर्णेच्याच पाण्यामागे उत्तरेला उतरावे. महानच्या धरणाभोवतीचे काटेपूर्णा अभयारण्य अकोला आणि वाशीम या दोन्ही जिल्ह्यांत पसरलेले आहे. ते १९८८ मध्ये घोषित झाले. साग, सालई, तेंदू अशी पानगळीची झाडी आणि चौशिंगा ही त्याची ओळख. दोन्ही अभयारण्यांत वनखात्याच्या परवानगीवाचून पायी हिंडता येत नाही.

पांदणींवर फलक नसतात. पुढच्या गावाचे नाव विचारत जावे, आणि निघण्यापूर्वी परतीची शेवटची एस.टी. किती वाजता आहे हे त्याच गावात विचारून ठेवावे.