आकार (अंतर्गत रचना)

अंतर्गत रचनेतील एक मूलघटक. रेषेने बाह्याकृती ठरते. तिला लांबी-रुंदीबरोबर खोली मिळाली की घनाकार होतो. भिंती, छत, खांब, कपाटे आणि बैठका यांचे घनाकार मिळून खोलीचा स्वभाव ठरवतात. त्यांच्यामधली मोकळी जागा हाही आकारच होय. तिचा विचार फर्निचर मांडून झाल्यावर करण्याची रीत चुकीची आहे.

मोकळ्या जागेलाही आकार मानण्याचे उत्तम उदाहरण जयपूरच्या झालाना परिसरात, जवाहरलाल नेहरू मार्गावर आहे. मुंबईत कार्यरत असलेले वास्तुविशारद चार्ल्स कोरिया (१९३०–२०१५) यांनी जवाहर कला केंद्राची रचना नऊ चौरसांत केली. प्रत्येक चौरस सुमारे ३० मी. बाजूचा आणि एकेका ग्रहाला वाहिलेला. सवाई जयसिंगांनी १७२७ मध्ये वसवलेल्या जयपूरच्या आराखड्याची ही आठवण. तिथल्याप्रमाणे इथेही एक चौरस मूळ जागेवरून हलवला आहे. गुरूच्या चौरसात ग्रंथालय, शुक्राच्या चौरसात रंगमंच. सूर्याचा मधला चौरस मात्र आकाशाखाली मोकळा असून त्याला कुंडासारख्या पायऱ्या आहेत. लाल वालुकाश्माच्या उंच भिंतींमधील दारातून एका चौरसातून दुसऱ्यात जाताना सावली, उजेड आणि उंची बदलत जाते. माप तेच असूनही प्रत्येक दालन वेगळे वाटते, हे या रचनेचे खरे यश आहे.

मराठी वाड्यांतील चौकही मोकळ्या मध्याच्या याच तत्त्वावर घराला उजेड-वारा देतो. लहान सदनिकेत चौक शक्य नसतो. तिथे भिंतीलगतची बुटकी बैठक आणि मोकळा मध्य एवढ्यानेही जागा प्रशस्त भासते.